घडलेली गोष्ट आणि सांगितलेला दाखला: संडे स्कूलमध्ये दोन्हींची सरमिसळ का होते

संडे स्कूलच्या वर्गात विचारून बघा, लाजर कोण होता? अर्धी मुलं ओरडतील की तो मेला होता आणि येशूने त्याला उठवलं, मग मागून कोणीतरी म्हणेल की नाही नाही, त्याच्या अंगावर फोड होते आणि कुत्री येऊन चाटायची. दोघंही बरोबर. फक्त हे लाजर दोन आहेत. एक योहान 11 मधला (म्हणजे बायबलातल्या योहानाच्या पुस्तकाचा अकरावा अध्याय), बेथानी गावचा, मार्था आणि मरीयेचा भाऊ, चार दिवस कबरेत होता, आणि याच अध्यायात 'येशू रडला' हे दोन शब्दांचं वचन आहे जे पाठांतराच्या दिवशी प्रत्येक आळशी पोराला बरोब्बर आठवतं. दुसरा लूक 16 मधला, श्रीमंत माणसाच्या दाराशी पडलेला भिकारी, आणि त्याचं गाव कोणतं, बहीण कोण असं विचारण्यात काही अर्थ नाही कारण तो येशूने सांगितलेल्या दाखल्यातला आहे.

बाकी दाखल्यांत सगळे आपले 'एक मनुष्य', 'एक विधवा', 'एक राजा' असेच असतात, या भिकाऱ्याला मात्र नाव मिळालंय. त्या नावामुळे काही जण हा दाखला नाहीच, खरी घटना आहे असं मानतात, तो वाद फार जुना आहे. आणि मध्ययुगातल्या युरोपात तर दोन्ही लाजर लोकांच्या मनात एकच होऊन गेले, कुष्ठरोग्यांचा संत म्हणून जो लाजर मानला गेला त्यात फोड भिकाऱ्याचे आणि कबर बेथानीची. तेव्हा पोरांचा गोंधळ होतो यात नवल नाही.

तर मुद्दा असा की मुलांना आपण 'बायबल स्टोरी' म्हणून जे काही सांगतो त्यात दोन वेगळे प्रकार असतात. एक म्हणजे घडलेलं म्हणून लिहिलेलं, अब्राहाम ऊर सोडून निघाला, दावीदाने गल्याथाला पाडलं, जक्कय उंबराच्या झाडावर चढला. दुसरा म्हणजे दाखला, कोणी दृष्टांत म्हणतं, म्हणजे कोणीतरी कोणालातरी काहीतरी दाखवण्यासाठी रचून सांगितलेली गोष्ट: पेरणारा, उधळ्या पुत्र, हरवलेलं मेंढरू. पहिल्यात माणसं खरी म्हणून येतात आणि देव त्यांच्याशी कसा वागला हे कळतं. दुसऱ्यात माणसं रचलेली असतात आणि खरी माणसं बाहेर, ऐकणाऱ्यांत बसलेली असतात.

मोठ्यांना हे माहीत असतं, पण मुलाला कुठून कळणार? फ्लॅनेलग्राफच्या बोर्डवर (कापडी फळा, त्यावर चित्रं चिकटवतात) मोशे पण दाढीवाला, झगा घातलेला, आणि दाखल्यातला शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातला माणूस, तो पण दाढीवाला, झगा घातलेला. चित्रांच्या पुस्तकात गल्याथाच्या पुढच्या काही पानांवर उधळ्या पुत्र डुकरांबरोबर बसलेला. वर दाखल्यांत जागा खऱ्या असतात. शोमरोन्याच्या दाखल्यात लुटारू एका वाटसरूला जखमी करून टाकतात आणि शोमरोनी त्याला उतारशाळेत नेतो, तो यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ता खरोखरचा आहे, साधारण सत्तावीस किलोमीटरचा, आणि तेवढ्यात माणूस हजारेक मीटर खाली उतरतो कारण यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली आहे. लोणावळ्याहून खोपोलीला आपण जेवढं उतरतो त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्या रस्त्यावर लुटारू असायचे हे ऐकणाऱ्यांना सांगायची गरज नव्हती. मग पोराला ते बातमीसारखं वाटलं तर त्याचं काय चुकलं?

बातमीसारखं वाटणं म्हणजे काय हे बघायचं असेल तर 2 शमुवेल 12 काढा, माझ्या मते हा फरक समजवायला याहून चांगली जागा नाही, कारण घडलेली गोष्ट आणि दाखला एकाच पानावर, एकात एक बसलेले आहेत. दावीदाने आपल्याच सैन्यातल्या उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत सगळ्यात पुढे उभं करून मारवलं (दहा-अकरा वर्षांच्या मुलांना एवढं सांगितलं तरी पुरतं, तपशिलात जायचं कारण नाही). मग नाथान संदेष्टा येतो आणि राजाला सांगतो की एका गावात दोन माणसं होती, एक श्रीमंत, एक गरीब, श्रीमंताकडे पुष्कळ शेरडंमेंढरं, गरिबाकडे एकच लहान मेंढी, विकत घेतलेली, घरात मुलांबरोबर वाढलेली, त्याच्याच घासातलं खायची, त्याच्याच पेल्यातलं प्यायची, कुशीत झोपायची, पोटच्या मुलीसारखी. श्रीमंताकडे पाहुणा आला तर त्याने स्वतःच्या कळपाला हात लावला नाही, त्या गरिबाची मेंढी उचलली आणि कापली. दावीद भडकतो, असल्या माणसाला मरणच पाहिजे, चौपट भरून दे म्हणावं! आणि नाथान म्हणतो, तो माणूस तूच.

म्हणजे दावीद राजाने नेमकी आपल्या वर्गातल्या मुलांसारखीच गफलत केली, दाखल्याला घडलेली गोष्ट समजला. आणि नाथानाला तेच हवं होतं! आधीच 'राजेसाहेब, आता एक बोधकथा सांगतो' म्हणाला असता तर दावीद सावध झाला असता. म्हणून मुलांना ही गोष्ट सांगताना मी 'दाखला' हा शब्द शेवटपर्यंत तोंडातून काढत नाही, मेंढीपाशी येऊन थांबायचं आणि विचारायचं की या श्रीमंत माणसाचं काय करायला पाहिजे, पोरं अशा काही शिक्षा सुचवतात की विचारू नका, आणि मग नाथानाचं ते वाक्य. नंतर वर्गात जी चुळबूळ होते ती झाली की फरक निम्मा कळलाच.

आता घोळ दोन्ही बाजूंनी होतो. एक, घडलेल्या गोष्टीचा दाखला करून टाकायचा. हे आपण टीचर लोक सर्रास करतो. दावीद आणि गल्याथ म्हटलं की तुमचा गल्याथ म्हणजे गणिताचा पेपर, आणि ओढ्यातले पाच गोटे म्हणजे प्रार्थना, वचन, विश्वास, उपास आणि पाचवं काय ते त्या दिवशी सुचेल तसं. अहो, 1 शमुवेल 17 मध्ये दावीद स्वतःच सांगतो की लढाई परमेश्वराची आहे, आणि आपण मुलाला सांगतो की लढाई तुझी, तू दावीद. किंवा येशूने पाच हजारांना जेवू घातलं ते घ्या. योहानात एक मुलगा आहे, जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासे घेऊन आलेला, बाकी तीन शुभवर्तमानांत (येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकांत) त्याचा उल्लेखही नाही, पण संडे स्कूलमध्ये तोच हिरो होतो आणि गोष्ट 'डबा शेअर करा' इथे येऊन संपते. डबा शेअर करावाच. पण तेवढ्यासाठी इतके लोक आणि बारा टोपल्या उरलेले तुकडे लागत नव्हते.

दुसरा घोळ उलटा, दाखल्याला इतिहासासारखं सोलत बसायचं. दहा कुमारींचा दाखला सांगा, वराची वाट बघताना पाच जणींच्या दिव्यांतलं तेल संपत आलं आणि पाच शहाण्यांनी आपलं दिलं नाही, लगेच मुलगी विचारणार, टीचर तुम्हीच तर शेअर करायला सांगता, मग त्या शहाण्या कशा? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि उत्तर एवढंच की हा दाखला तेल वाटण्याबद्दल नाहीये, जागं राहण्याबद्दल आहे. लूक 18 मध्ये एक न्यायाधीश आहे जो देवाला भीत नाही आणि माणसांना विचारत नाही, विधवा सारखी सारखी येऊन पिडते म्हणून शेवटी न्याय देतो. इथे 'न्यायाधीश म्हणजे देव' असं सरळ फळ्यावर लिहिलंत तर झालं कल्याण. येशू उलट म्हणतोय की असला माणूससुद्धा ऐकतो तर देव किती जास्त ऐकेल.

प्रत्येक पात्राचा अर्थ लावायची हौस आपल्यालाच आहे असं नाही बरं का. संत ऑगस्टीनने चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात उतारशाळा म्हणजे मंडळी (चर्च), जखमी माणूस म्हणजे आदाम असं एकेक करत लावलं होतं आणि कित्येक शतकं तसंच चाललं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आडोल्फ युलिखर नावाच्या जर्मन अभ्यासकाने ठणकावून सांगितलं की दाखल्यात मुद्दा एकच असतो. तोही जरा ताणतोच, कारण पेरणाऱ्याच्या दाखल्यात वाट, खडक, काटेरी झुडपं, चांगली जमीन सगळ्याचा अर्थ मार्क 4 मध्ये येशूनेच दिलाय. पण तो शिष्यांना, गर्दी पांगल्यावर, त्यांनी विचारलं म्हणून. गर्दीला फक्त गोष्ट मिळाली.

यातूनच सांगायची पद्धत वेगळी होते. घडलेल्या गोष्टीला नकाशा लागतो, आधी काय झालं आणि नंतर काय झालं ते लागतं. मुलांचे 'किती?' 'कुठे?' हे प्रश्न इथे टाळू नका. गल्याथ किती उंच होता असं विचारलं तर हिब्रू पाठात सहा हात आणि एक वीत आहे, म्हणजे साडेनऊ फुटांच्या घरात, आणि जुन्या ग्रीक भाषांतरात आणि मृत समुद्राजवळ सापडलेल्या एका गुंडाळीत चार हात आणि एक वीत, म्हणजे पावणेसात फूट. हे सांगा, मोठ्या मुलांना फार आवडतं, भिंतीवर खडूने दोन्ही खुणा करा.

दाखल्याला मात्र नकाशापेक्षा आधीचा प्रसंग महत्त्वाचा. कोण ऐकत होतं आणि येशूने हे कशावरून काढलं? लूक 15 च्या पहिल्या दोन ओळी वाचल्याशिवाय उधळ्या पुत्र सांगूच नये असं माझं मत आहे. जकातदार आणि पापी लोक येशूकडे येताहेत आणि परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारे यहूदी) कुरकुर करताहेत की हा असल्यांबरोबर जेवतो. या कुरकुरीला उत्तर म्हणून मेंढरू, नाणं आणि मुलगा हे तीन दाखले आलेत. धाकटा मुलगा बापाचे पैसे उधळून परत येतो, बाप मेजवानी देतो, आणि आपण गोष्ट तिथेच संपवतो, नाटकात तर तिथे गाणं लावून पडदाच पाडतो. थोरला भाऊ बाहेर उभा राहतो, बाप त्याची समजूत काढायला बाहेर येतो, आणि तो आत गेला की नाही हे लूकने लिहिलेलंच नाही. कारण थोरला भाऊ तिथे समोरच बसला होता, परूश्यांच्या रूपात. तो पुढे काय करणार हे त्याने ठरवायचं.

शोमरोन्याचंही तेच. शास्त्री विचारतो माझा शेजारी कोण, आणि गोष्ट संपल्यावर येशू प्रश्न फिरवून त्यालाच टाकतो की तिघांपैकी शेजारी कोण झाला. एक छोटी गोष्ट करून बघा, सुरुवातीला 'आज आपण चांगल्या शोमरोन्याची गोष्ट बघू' असं म्हणू नका. नावातच निकाल फुटतो. याजक न थांबता गेला, लेवी (मंदिरातला सेवक) गेला, आता तिसरा कोण येणार म्हणून यहूदी श्रोत्यांनी आपल्यापैकीच कोणीतरी धरला असेल, आणि आला तो ज्यांच्याशी त्यांचं हाडवैर तो माणूस. हा धक्का मुलाला मिळाला पाहिजे.

दाखले कोणत्या वयात सांगायचे यावर जाणकारांचं एकमत नाही. रोनाल्ड गोल्डमन या ब्रिटिश संशोधकाने 1964 मध्ये पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाच्या पद्धतीने मुलांना तपासून मांडलं की बारा-तेराच्या आधी मुलं बायबलच्या गोष्टी शब्दशःच घेतात, त्यामुळे लहान वयात फार बायबल नको. त्याच सुमारास रोममध्ये सोफिया कावालेत्ती, माँटेसरी पद्धतीने काम करणारी बाई, अगदी तीन-चार वर्षांच्या मुलांना मेंढपाळाचा आणि मोहरीचा दाखला देत होती आणि मुलं रमत होती. मला दोघंही पटतात, कारण गोल्डमन मुलांना अर्थ विचारत होता आणि कावालेत्ती नुसतं पाहायला देत होती. मोहरीचा दाखला सांगायचा तर घरच्या मिसळणाच्या डब्यातून चिमूटभर मोहरी घेऊन जा, प्रत्येकाच्या तळहातावर एकच दाणा ठेवा, हलला तर पडेल इतका बारीक, आणि मग सांगा की गालीलातली काळी मोहरी माणसापेक्षा उंच वाढते. एवढंच. 'यातून काय शिकलो' हा प्रश्न पाच वर्षांच्या मुलाला विचारू नका, तो उत्तर देईल ते तुम्हाला खूश करायला.

कावालेत्तीकडून शिकलेल्या जेरोम बेरीमन या अमेरिकन पाळकाने तर 'गॉडली प्ले' पद्धतीत हा फरक थेट फळीवरच मांडला. घडलेल्या गोष्टींचं साहित्य उघड्या ट्रेमध्ये, दाखल्यांचं झाकण असलेल्या सोनेरी खोक्यांत. न वाचता येणाऱ्या मुलालाही खोकं बघूनच कळतं की आज वेगळं काहीतरी आहे. आपल्याकडे चपलांच्या खोक्याला सोनेरी कागद लावला तरी काम होतं, खर्च काहीच नाही.

आणि मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. तेराव्या शतकात महानुभावांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी 'लीळाचरित्रा'त ठेवल्या आणि त्यांनी सांगितलेले दृष्टांत वेगळे काढून 'दृष्टांतपाठा'त. त्यात सूत्र आणि दृष्टांत स्वामींचे, पुढचं दार्ष्टांतिक म्हणजे उलगडा ते संकलन करणाऱ्या केसोबासांचा, आणि कुठलं कुणाचं हे वाचणाऱ्याला कळतं. आपण संडे स्कूलमध्ये येशूचा दाखला आणि आपलं तात्पर्य एकाच दमात सांगतो, मुलाला वाटतं सगळं येशूच म्हणाला.

राहिला योना, निनवे शहराकडे पाठवलेला आणि वाटेत माशाच्या पोटात गेलेला संदेष्टा. तो कुठल्या खोक्यात घालायचा यावर ख्रिस्ती लोकांतच मतभेद आहेत. 2 राजे 14 मध्ये अमित्तयाचा मुलगा योना हा संदेष्टा म्हणून येतो, त्यामुळे माणूस घडलेल्यांतला, पण पुस्तक दाखल्यासारखं देवाच्या प्रश्नावर संपतं, निनवेत एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आहेत आणि पुष्कळ गुरं, त्यांची मला कीव येऊ नये का? योनाचं उत्तर नाही. तुमची मंडळी जे मानते ते सांगा, पण माशापाशी थांबू नका, हा चौथा अध्याय सांगाच.

आणि वार्षिक परीक्षेचा पेपर काढणाऱ्यांना एक विनंती. 'कोण कोणास म्हणाले' आणि 'रिकाम्या जागा भरा' हे घडलेल्या गोष्टींना ठीक आहे. उधळ्या पुत्राच्या हातात बापाने काय घातलं याला एक मार्क ठेवण्यापेक्षा थोरला भाऊ आत गेला असेल का, तुला काय वाटतं, असं विचारा आणि जे उत्तर येईल त्याला पूर्ण मार्क द्या.