नक्की कोणाचा फटका लागला? फिलिपिन्समधला जुना प्रश्न

दहा जण मिळून एकाला मारतात, तो मरतो, आणि कोर्टात प्रत्येक जण म्हणतो की मी तर एकच लाथ घातली होती, जीव घेणारा फटका माझा नव्हता. आपल्याकडे यावर लगेच जुन्या आयपीसीचं कलम 34 आठवतं (1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 3(5)), कॉमन इंटेन्शन म्हणजे सगळ्यांचा एकच इरादा, नाहीतर पाच किंवा जास्त जण असतील तर 149 (आता 190). फिलिपिन्समध्ये मात्र हेच गणित वेगळ्या वाटेनं सुटतं, कारण त्यांचा फौजदारी कायदा इंग्रजांकडून आलेला नाही, तो स्पेनचा आहे. अशा मारहाणीला तिकडे टागालोगमध्ये 'कुयोग' म्हणतात, म्हणजे एकावर सगळे तुटून पडणं, आणि दोन्हीकडून हाणामारी झाली की 'रांबोल'. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे अख्खा खेळ यांच्यातल्या फरकाचाच आहे.

स्पेनचा 1870 चा पीनल कोड 1887 मध्ये फिलिपिन्सला लागू झाला. पुढे अमेरिकन आले, शाळा इंग्रजी झाल्या, कोर्टाची पद्धत बरीचशी अमेरिकन झाली, पण गुन्ह्यांच्या व्याख्या स्पॅनिशच राहिल्या. 1930 मध्ये 'रिवाइज्ड पीनल कोड' पास झाला, 1 जानेवारी 1932 पासून लागू, आणि तोच आजही चालू आहे. शिक्षांची नावंसुद्धा तीच जुनी, प्रिसिऑन मायोर म्हणजे 6 वर्षं 1 दिवस ते 12 वर्षं, रेक्लुसिऑन तेम्पोराल 12 वर्षं 1 दिवस ते 20 वर्षं. तो 1 दिवस सगळीकडे का चिकटवलाय असं पहिल्यांदा वाचताना वाटतं, पण एक शिक्षा संपते तिथून पुढची चालू व्हावी, मध्ये घोळ नको, एवढंच आहे ते.

आता या कोडमध्ये एक कलम आहे 251, गोंधळाच्या मारामारीत झालेला मृत्यू. हे तर जुन्या स्पॅनिश कलमाचं जवळपास भाषांतरच आहे. बरेच लोक एकमेकांवर धावून गेले, कोण कोणाला मारतंय कळेना, त्यात एक मेला आणि मारणारा सापडेना, तर ज्यांनी त्याला गंभीर जखमा केल्या ते तरी ओळखता आले तर त्यांना प्रिसिऑन मायोर, आणि तेही कळलं नाही तर ज्यांनी त्याच्यावर हात टाकला त्या सगळ्यांना त्याहून कमी शिक्षा. म्हणजे कायदा म्हणतो, खुनी सापडला नाही म्हणून सगळे सुटले असं नको, पण सगळे खुनी असंही नको. मधला मार्ग. साहजिकच प्रत्येक आरोपीच्या वकिलाला हे कलम हवंहवंसं वाटतं, कारण नुसत्या मनुष्यवधाला (कलम 249) 12 वर्षांच्या पुढे, आणि खून (248) ठरला तर रेक्लुसिऑन पेर्पेतुआ, म्हणजे 20 ते 40 वर्षं.

पण सुप्रीम कोर्टानं हे दार बऱ्यापैकी आवळून ठेवलंय. बेंगेत प्रांतातली 2004 ची एक केस बघा. दोघांनी मिळून एकाला मारलं, पोटात लाथ, मग बुक्का, आतडं फाटलं, पू झाला, ऑपरेशन करूनही माणूस गेला. खालच्या कोर्टानं 251 लावलं, कारण कोणाच्या फटक्यानं आतडं फाटलं ते कळत नाही. अपील कोर्टानं ते बदलून मनुष्यवध केला आणि 2015 मध्ये सुप्रीम कोर्टानं तेच कायम ठेवलं. मारणारे दोनच, मार खाणारा एकच, यात गोंधळ कसला? रांबोल नाहीच हा, कुयोग आहे. जिवे मारायचा हेतू नव्हता म्हणाल, तर मुद्दाम मारलंत आणि माणूस मेला की तो हेतू गृहीत धरला जातो, फार तर शिक्षा ठरवताना थोडी सूट. मला हे पटतं, नाहीतर जितके जास्त जण तितकी शिक्षा कमी असा उलटा हिशोब होऊन बसेल.

दुसरं हत्यार म्हणजे कलम 8, कट. कटाचा लेखी पुरावा कोण ठेवतो? म्हणून कोर्टं वागण्यावरून कट ओळखतात, एकत्र आले का, एकत्र मारलं का, एकत्र पळाले का. आणि कट सिद्ध झाला की एकाचं कृत्य ते सगळ्यांचं, मग कोणाचा फटका हा प्रश्नच उरत नाही. मात्र नुसतं तिथे उभं असणं म्हणजे कट नाही. कट कसा दिसतो ते बघा, 8 डिसेंबर 1994 ला युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपिन्सच्या डिलिमान कॅम्पसमध्ये, कॅन्टीनमध्ये दुपारचं जेवण करत बसलेल्या एका फ्रॅटर्निटीच्या (कॉलेजातल्या पोरांच्या संघटनेच्या) पोरांवर मास्क घातलेले लोक बेसबॉलच्या बॅटी आणि पाइप घेऊन तुटून पडले, एक जण दोन दिवसांनी गेला. बेसावध माणसावर हल्ला म्हणजे 'आलेवोसिया', दगाबाजी, त्यामुळे तो मनुष्यवध न राहता खून झाला. पाच जणांची शिक्षा सुप्रीम कोर्टानं 2014 मध्ये कायम केली. वीस वर्षं लागली!

सगळ्यात जास्त गोची रॅगिंगच्या केसेसमध्ये झाली, कारण तिथे मार खाणारा स्वतःहून आलेला असतो. फेब्रुवारी 1991 मध्ये आतेनेओ लॉ स्कूलचा लेनी विल्या फ्रॅटर्निटीच्या दीक्षेतल्या, म्हणजे नवा सभासद करून घेतानाच्या, मारानं गेला. खालच्या कोर्टानं 26 जणांना मनुष्यवधात दोषी धरलं, 2002 मध्ये अपील कोर्टानं कट मानलाच नाही, ज्याचं त्याचं वेगळं बघितलं आणि 19 जण सुटले, दोघांवरच मनुष्यवध राहिला. शेवटी 2012 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की दुष्ट हेतू सिद्ध होत नाही, पाच जण दोषी पण निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याबद्दल, शिक्षा जास्तीत जास्त 4 वर्षं 2 महिने. 21 वर्षांनी हे!

विल्याच्या मृत्यूनंतरच 1995 चा अँटी-हेझिंग कायदा (हेझिंग म्हणजे दीक्षेच्या नावाखालचं हे रॅगिंग) आला होता, आणि त्यात पुराव्याचा भार फिरवलाय. दीक्षेच्या मारहाणीला तू हजर होतास म्हणजे तू सामील होतास असं आधी धरायचं, अडवायचा प्रयत्न केला होता हे तू दाखव. आधी सांगितलं ना, साध्या गुन्ह्यात नुसतं हजर असणं पुरत नाही, इथे ते बरोबर उलटं. पण हा कायदा सगळ्या दीक्षा बंद करत नव्हता, आधी लेखी कळवलं की चालायचं. सप्टेंबर 2017 मध्ये सांतो तोमास विद्यापीठाचा होरासिओ कास्तियो असाच मारला गेला, मग 2018 मध्ये कायदा कडक करून हेझिंग पूर्ण बंद केलं, मृत्यू झाला तर रेक्लुसिऑन पेर्पेतुआ आणि 30 लाख पेसो दंड. कास्तियो केसचा निकाल मनिलाच्या कोर्टानं 1 ऑक्टोबर 2024 ला दिला, दहा जणांना रेक्लुसिऑन पेर्पेतुआ. आणि तो 1995 च्याच जुन्या कायद्याखाली, कारण पोरगा गेला तेव्हा नवा कायदा यायला अजून नऊ-दहा महिने होते.