देशपांडे, सुलभा

(२१ फेब्रुवारी १९३७ – ४ जून २०१६). मराठी रंगभूमीवरील आणि मराठी-हिंदी चित्रपटांतील चरित्र अभिनेत्री, बालनाट्याच्या दिग्दर्शिका आणि ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक. जन्म मुंबईचा, माहेरचे आडनाव कामेरकर. दादरच्या छबिलदास मुलांच्या शाळेत त्यांनी शिक्षिका म्हणून काम केले. त्यांच्या परिचयात ही नोकरी बहुधा एका ओळीत उरकली जाते. प्रत्यक्षात त्यांच्या कारकिर्दीतील तीन मोठ्या गोष्टी, म्हणजे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकातील बेणारेबाईंची भूमिका, बालनाट्य आणि छबिलदासचे सभागृह, या शाळेशीच जोडलेल्या आहेत.

विजया मेहता, विजय तेंडुलकर आदींनी १९६०च्या सुमारास उभारलेल्या ‘रंगायन’मधून प्रायोगिक रंगभूमीवर त्यांची ओळख झाली. पती अरविंद देशपांडे हे तेथील दिग्दर्शक आणि नट. १९६७ मध्ये राज्य नाट्यस्पर्धेच्या निमित्ताने रंगायनने तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केले. या नाटकात एक हौशी नाटकमंडळी लुटूपुटूचा खटला खेळते. त्यात आरोपी केली गेलेली लीला बेणारे ही अविवाहित शिक्षिका सुलभाबाईंनी उभी केली आणि ती भूमिका त्यांच्या नावाला कायमची जडली.

या नाटकाच्या उगमाविषयी दोन मते आहेत. काही समीक्षक फ्रीड्रिश ड्युरेनमाट या स्विस लेखकाच्या, निवृत्त न्यायाधीश-वकिलांनी पाहुण्यावर लुटूपुटूचा खटला चालवण्याच्या कथेशी असलेल्या साम्याकडे बोट दाखवतात. तेंडुलकरांनी स्वतः दिलेला दाखला वेगळा आहे. विलेपार्ल्यात अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला निघालेली एक हौशी मंडळी त्यांना भेटली, त्यांना वाट दाखवताना त्यांचे बोलणे कानी पडले आणि त्यातून नाटक सुचले. खटल्याच्या खेळाचा सांगाडा दोन्हीकडे सारखा असला, तरी बेणारेभोवतीची माणसे, त्यांचे अपयश आणि त्यांची भाषा इतकी मुंबईची आहे की तेंडुलकरांचा खुलासा अधिक पटतो.

अभिनयाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न अखेरच्या स्वगताचा आहे. हे दीर्घ स्वगत लिहायला नाटककार राजी नव्हते, दिग्दर्शकाच्या आग्रहामुळे ते ऐनवेळी लिहिले गेले, अशी आठवण नाट्यवर्तुळात सांगितली जाते. संहितेत त्याची रचना विलक्षण आहे. खटल्यात न्यायाधीश झालेले काशीकर घड्याळ पुढे धरून आरोपीला बोलण्यासाठी दहा सेकंद देतात. कोर्ट जागच्या जागी गोठते, बेणारे उठते आणि आपले सगळे आयुष्य बोलून टाकते. ती थांबते तेव्हा काशीकर वेळ संपल्याचे सांगतात. म्हणजे कोर्टाच्या लेखी ती काहीच बोललेली नाही. प्रेक्षकांनी ऐकले ते तिच्या मनातले. हे स्वगत नाटकाचा ताण सैल करते, असा आक्षेप काहींनी घेतला आहे. तो वाचनापुरता ग्राह्य वाटला, तरी रंगमंचावर टिकत नाही. नाटकाच्या सुरुवातीला सामंत या गावातल्या माणसाबरोबर सभागृहात पहिली येऊन पोचणारी, हसणारी, गाणारी, आपल्या वर्गातल्या मुलांवर जीव असणारी बाई उभी राहिली असेल, तरच शेवटचे बोलणे भाषण न होता त्याच बाईचे बोलणे राहते. सुलभाबाईंचे यश त्या पहिल्या प्रवेशापासून सुरू होते. नाटकाच्या अगदी अखेरीस तर बेणारेला शब्दच नाहीत: ती निश्चल पडलेली, जवळ सामंतांनी ठेवलेला कापडी पोपट, आणि तिचेच गाणे कुठूनतरी ऐकू येते.

१९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी या नाटकावर चित्रपट केला (छायाचित्रण: गोविंद निहलानी). त्यात बेणारे सुलभाबाईच होत्या. रंगमंचावरचा अभिनय प्रयोगाबरोबर विरतो. ही भूमिका पुढच्या पिढ्यांना निदान पडद्यावर पाहता येते, याचे श्रेय या चित्रपटाला आहे.

रंगायनमधून बाहेर पडल्यावर १९७१ मध्येच अरविंद व सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि सहकाऱ्यांनी ‘आविष्कार’ स्थापन केली. १९७४ पासून संस्थेने छबिलदास शाळेचे सभागृह नियमित प्रयोगांसाठी वापरायला घेतले आणि त्यातून ‘छबिलदास चळवळ’ हे नाव रूढ झाले. व्यावसायिक नाट्यगृहाचे भाडे न परवडणाऱ्या संस्थांना तेथे जागा मिळाली. प्रेक्षक इतका जवळ की मोठा आवाज आणि ठसठशीत हावभाव तिथे खोटे पडत. सुलभाबाईंचा संयत, बोलीच्या लयीतला अभिनय या रंगभूमीशी सुसंगत होता.

‘चंद्रशाला’ ही आविष्कारची बालनाट्य शाखा त्यांनी वाढवली. ‘दुर्गा झाली गौरी’ हे तिचे नृत्यनाट्य १९८०च्या दशकाच्या आरंभापासून पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांनी केले. मोठ्यांनी मुलांची सोंगे घेण्याऐवजी मुलांनीच नाटक करावे, यावर चंद्रशालेचा भर होता. तेंडुलकरांच्या ‘राजाराणीला घाम हवा’वरचा हिंदी बालचित्रपट (१९७८) सुलभाबाईंनी दिग्दर्शित केला.

चित्रपटांत त्यांच्या वाट्याला मुख्यतः आईच्या भूमिका आल्या. श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’मधील (१९७७) नायिका उषाची आई ही त्यांतली सर्वांत गुंतागुंतीची. मुलीला सिनेमात पाठवायला तिचा विरोध आहे, आणि मुलीच्याच मिळकतीवर घर चालते, हा पेच सुलभाबाईंनी कुठेही कैवार न घेता उभा केला. ‘जैत रे जैत’मध्येही (१९७७) त्या होत्या. ‘चौकट राजा’मध्ये (१९९१) मतिमंद नंदूची आई त्यांनी केली, नंदू दिलीप प्रभावळकरांचा. हिंदी प्रेक्षकांच्या नव्या पिढीला त्या ‘इंग्लिश विंग्लिश’मधील (२०१२) समजूतदार सासू म्हणून परिचित आहेत. दूरचित्रवाणी मालिकांतही त्यांनी कामे केली.

१९८७च्या जानेवारीत अरविंद देशपांडे यांचे निधन झाले. त्यानंतरही सुलभाबाई आणि अरुण काकडे यांनी संस्था चालू ठेवली. अरविंद देशपांडे यांच्या स्मृत्यर्थ दर जानेवारीत नाट्यमहोत्सव होऊ लागला. १९८७ मध्येच सुलभाबाईंना अभिनयासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.