वाल्मीचा केलरमन आणि मारेंगोचा केलरमन

नेपोलियनच्या काळातील लढायांची वर्णने वाचताना जनरल केलरमन हे नाव १७९२ मध्ये भेटते आणि १८१५ मध्येही भेटते. त्यामुळे हा एकच दीर्घायुषी सेनानी असावा असा समज सहज होतो. प्रत्यक्षात ते बापलेक होते. वडील फ्रांस्वा क्रिस्तोफ यांचा जन्म १७३५ मध्ये स्ट्रासबूर्गला झाला, तर मुलगा फ्रांस्वा एतिएन १७७० मध्ये मेत्सला जन्मला. पुढे दोघेही ‘वाल्मीचा ड्यूक’ झाल्यामुळे घोटाळ्यात भरच पडली. गंमत अशी की ज्या लढाईवरून हा किताब आला, ती झाली तेव्हा मुलगा सैन्यात नसून राजनैतिक सेवेत होता.

वडिलांची कीर्ती मुख्यतः एकाच दिवसावर उभी आहे. २० सप्टेंबर १७९२ रोजी ईशान्य फ्रान्समधील वाल्मी या गावी पवनचक्कीजवळच्या टेकडीवर त्यांनी ब्रुन्सविकच्या ड्यूकच्या प्रशियन फौजेला अडवले. त्या दिवशी हातघाईची लढाई जवळजवळ झालीच नाही. दोन्हीकडच्या तोफा धडाडत राहिल्या आणि क्रांतीनंतर विस्कळीत झालेले फ्रेंच सैन्य पळून जाईल ही अपेक्षा फोल ठरल्याने ब्रुन्सविकने हल्ला आवरता घेतला. ही लढाई जिंकली ती जागचे न हलता, आणि दुसऱ्याच दिवशी पॅरिसमध्ये राजेशाही रद्द झाली. एवढे करूनही पुढच्या वर्षी बंडखोर लिआँ शहराच्या वेढ्यात दिरंगाई केल्याच्या आरोपावरून त्यांना वर्षभराहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागला. १७९६ मध्ये इटलीतील सेनापतिपद त्यांच्यात आणि नेपोलियन बोनापार्टमध्ये वाटून देण्याचा सरकारचा विचार होता, पण तरुण बोनापार्टने तो धुडकावला. त्यानंतर वडिलांकडे रणांगणावरील मोठे नेतृत्व आले नाही. १८०४ मध्ये मिळालेले मार्शलपद मानाचे होते आणि साम्राज्याच्या काळात त्यांच्याकडे प्रामुख्याने राखीव फौजांचे काम राहिले.

मुलगा पुरता घोडदळाचा माणूस. १४ जून १८०० रोजी इटलीतील मारेंगो येथे दुपारपर्यंत फ्रेंच मागे रेटले गेले होते आणि विजय पदरात पडला असे समजून ऑस्ट्रियन सेनापती मेलास रणांगण सोडून गेला होता. फ्रेंच जनरल देसे ताज्या दमाची फौज घेऊन आला खरा, पण त्याला गोळी लागून तो पडला. नेमक्या त्या वेळी केलरमनने सुमारे चारशे स्वारांनिशी ऑस्ट्रियन ग्रेनेडियरांच्या (निवडक पायदळाच्या) बगलेवर झडप घातली. त्यांची ती तुकडी कोलमडली आणि ऑस्ट्रियन जनरल झाकही कैद झाला. विजयाच्या सरकारी वर्णनात मुख्य मान मात्र देसेला मिळाला. मेलेल्याशी श्रेयाची वाटणी करणे बोनापार्टला जास्त सोयीचे होते, असे मला वाटते. तरी केलरमनला पुढच्याच महिन्यात डिव्हिजनचा जनरल करण्यात आले.

ऑस्टर्लिट्झला तो जखमी झाला. १८०८ मध्ये पोर्तुगालमध्ये विमेइरोच्या पराभवानंतर त्याने इंग्रजांशी वाटाघाटी करून असा सिंत्राचा तह घडवला, की हरलेले फ्रेंच सैन्य लुटीसह इंग्रजी जहाजांतूनच मायदेशी परतले. या तहामुळे लंडनमध्ये ज्यांच्यावर चौकशीची वेळ आली, त्यांत पाच वर्षांपूर्वी असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, हाही होता. १८०९ मध्ये स्पेनमधील आल्बा दे तोर्मेस येथे केलरमनने घोडदळाच्या जोरावर स्पॅनिश सैन्य उधळले. मात्र स्पेनमधील त्याच्या लुटीची अपकीर्तीही त्याच्या पराक्रमाइतकीच पसरली.

१६ जून १८१५ रोजी बेल्जियममधील कात्र-ब्रा येथे, पुन्हा वेलस्लीसमोरच, मार्शल ने याने त्याला क्युरासिए (छातीवर चिलखत घालणाऱ्या) स्वारांच्या एकाच ब्रिगेडनिशी धाव घेण्याचा हुकूम दिला. समोरचा धोका स्वारांच्या ध्यानात येण्याआधीच त्यांना वेगात सोडावे, असा केलरमनने विचार केला. त्यांनी इंग्रजांच्या ६९व्या पलटणीचे निशाण हिसकावले, पण केलरमनचा घोडा मारला गेला आणि दोन स्वारांच्या घोड्यांचे लगाम धरून तो कसाबसा बाहेर पडला. दोनच दिवसांनी वॉटर्लूवर तो पुन्हा जखमी झाला.

तेव्हा ‘मार्शल केलरमन’ असे लिहिलेले असेल तर ते वडील, आणि १८०० पासून पुढे केलरमन घोड्यावर स्वार होऊन चाल करताना दिसला तर तो मुलगा, कारण मुलगा मार्शल कधीच झाला नाही. ‘वाल्मीचा ड्यूक’ हा किताबही १८२० पर्यंत वडिलांचाच समजावा, कारण त्या वर्षी वडील वारले आणि वाल्मीचे ड्यूकपद मुलाकडे गेले. वडिलांचे हृदय मात्र त्यांच्या इच्छेनुसार वाल्मीच्या मातीत पुरण्यात आले.