पिकअपचं पेट्रोल जातं कुठे?

फोर्डची एफ-सिरीज ही 1977 पासून अमेरिकेतली सर्वाधिक खपणारी पिकअप आहे. शेतावर आणि बांधकामावर ती राबतेच, पण रिकामा हौदा घेऊन ऑफिसलाही जाते. अशा पूर्ण आकाराच्या, आठ सिलिंडरच्या व्ही-8 इंजिनाच्या गाडीनं गॅलनला 15 मैल दिले, तर आपल्या हिशेबात ते लिटरला 6.4 किलोमीटर होतात. टेक्सासला स्थायिक झालेल्या भाच्यानं फोनवर हा आकडा सांगितला, तर इकडे मामा हबकणारच.

ॲव्हरेज कमी म्हटलं की उपाय विकणारे तयारच असतात. पेट्रोलच्या नळीवर बसवायचं चुंबक, टाकीत ओतायचं द्रावण, हवा घुसळणारी चकती. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं अशी शंभरहून अधिक उपकरणं तपासली आणि ॲव्हरेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही. कारण सरळ आहे. धडधाकट इंजिनात शिरलेलं पेट्रोल जवळपास सगळंच जळतं, त्यामुळे ते ‘आणखी चांगलं’ जाळायला फारसं काही उरत नाही. जळून निघालेल्या उष्णतेचा मोठा भाग रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे निघून जातो. चाकांपर्यंत जे पोचतं, ते कशावर खर्च होतं हे पाहायला हवं.

हायवेवर ते मुख्यतः हवा बाजूला सारण्यावर खर्च होतं. पिकअपचं तोंड उंच आणि सपाट, खालचा भाग उघडा, मागे हौदा. तिला होणारा हवेचा विरोध सेडानच्या सुमारे दुप्पट असतो. ताशी 65 मैलांना, म्हणजे 105 किलोमीटरला, हा विरोध ढोबळमानानं 650 न्यूटन भरतो आणि टायरांचा विरोध त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गानुसार वाढतो. 65 चे 75 केले की वेग फक्त 15 टक्के वाढतो, पण हवेचा विरोध 33 टक्के. शंभर मैलांच्या प्रवासात यातून वाचतात 12 मिनिटं. तेलटंचाईच्या काळात, 1974 साली, अमेरिकेनं देशभर ताशी 55 मैलांची मर्यादा घातली होती, ती याच गणितावर. ती 1995 मध्ये उठली आणि आज टेक्सासच्या एसएच-130 रस्त्याच्या एका टप्प्यावर 85 ला परवानगी आहे. तिथे पिकअप 85 नं चालवून ॲव्हरेजची तक्रार करण्यात अर्थ नाही.

हवेचा विषय निघाला की हौद्याचा फाळका आठवतोच. तो खाली पाडला की वारा सरळ निघून जाईल आणि पेट्रोल वाचेल, असं पुष्कळ जण मानतात. डोळ्यांना पटतं, पण प्रत्यक्षात उलट घडतं. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा एक मोठा भोवरा फिरत राहतो आणि केबिनवरून येणारा वारा बराचसा त्या भोवऱ्याच्या माथ्यावरून घसरत मागे जातो. फाळका उघडला की हा भोवरा मोडतो आणि विरोध वाढतो. तेव्हा फाळका लावूनच ठेवावा. हौद्यावर घट्ट सपाट झाकण बसवलं तर आणखी थोडा फायदा होतो. सैल ताडपत्री मात्र फडफडत राहते. पुढच्या बंपरखालची काळी प्लास्टिकची पट्टी दिसायला बरी नाही म्हणून काही जण काढून टाकतात. ती गाडीखाली शिरणारा वारा अडवण्यासाठीच दिलेली असते, तिला हात लावू नये.

शहरात सारं चित्र बदलतं. तिथे वाऱ्यापेक्षा वजन महाग पडतं. चालकासह 2,300 किलोची गाडी ताशी 45 मैलांवर आणायला सुमारे 460 किलोज्यूल ऊर्जा लागते. इंजिनाचे तोटे धरले तर ते झालं 55 ते 60 मिलिलिटर पेट्रोल, चहाचा एक छोटा कप. सिग्नलला करकचून ब्रेक मारला की तो कप ब्रेकच्या तबकड्या तापवण्यात संपतो, आणि दिवसाकाठी असे कितीतरी कप! लांबवर लाल दिवा दिसताच ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, तर त्याच ऊर्जेवर गाडी पुढची दोनशे-तीनशे मीटर फुकट जाते. धसमुसळ्या चालवण्यानं गर्दीच्या रस्त्यावर ॲव्हरेज 10 ते 40 टक्के घसरतं, असा अमेरिकी सरकारचाच अंदाज आहे. माझ्या मते पिकअपवाल्यानं सगळ्यात आधी सुधारायची गोष्ट हीच, कारण तिला एक पैसा लागत नाही.

आता पूर्वी 17 देणारी गाडी अचानक 13 वर आली, तर तो चालकाचा दोष नाही, बिघाड आहे. पुष्कळ जण आधी एअर फिल्टर बदलतात. कार्बोरेटरच्या जमान्यात ते बरोबर होतं. हल्लीच्या इंजिनांत तुंबलेल्या फिल्टरनं गाडी वेग सावकाश पकडते, ॲव्हरेज फारसं हलत नाही. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या चाचण्यांत हेच दिसलं. खरे संशयित दोन-तीनच. इंजिनातून निघणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बिघडला तर इंजिनाचा संगणक गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडू शकतो, आणि अशा गंभीर दोषात दुरुस्तीनंतर ॲव्हरेज 40 टक्क्यांपर्यंत सुधारू शकतं. थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप, उघडाच अडकला तर इंजिन नीट तापत नाही. तापमानाचा काटा लांबच्या प्रवासातही खालीच रेंगाळतो आणि इंजिन थंड समजून संगणक जादा पेट्रोल देत राहतो. तिसरा संशयित म्हणजे चिकटलेला ब्रेक. थोडं चालवून गाडी थांबवा आणि चारही चाकांजवळ हात धरून पाहा, स्पर्श मात्र करू नका. एकाच चाकाची धग जास्त लागली तर मेकॅनिक गाठा. ई-85, म्हणजे इथेनॉलचं प्रमाण खूप जास्त असलेलं इंधन, भरत असाल तर बिघाड शोधण्याआधी साधं पेट्रोल भरून पाहा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज 15 ते 27 टक्के पडतं.

एवढी खटपट करून दोन-तीन मैलच वाढणार ना, असं वाटेल. इथे आपली नजर फसते. ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी 2008 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हाच भ्रम दाखवून दिला. दहा हजार मैलांचा हिशेब करून पाहा. 14 वरून 17 वर आलेली पिकअप 126 गॅलन वाचवते, तर 30 वरून 38 वर गेलेली छोटी गाडी जेमतेम 70. पिकअपचा एकेक मैल म्हणूनच मोलाचा आहे.

मोजताना टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, पुन्हा फुल करा आणि भागाकार करा. डॅशबोर्डवर दिसणाऱ्या ॲव्हरेजच्या आकड्यावर विसंबू नका. टायरची हवा गाडी थंड असताना, चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा. टायरवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. आणि 31 इंचांचे टायर काढून 33 इंची लावले असतील तर आणखी एक गोष्ट तपासा. मोठं चाक एका फेरीत 6 टक्के जास्त अंतर कापतं, पण संगणक जुन्याच मापानं मोजत राहतो. कागदावर 15 येतात तेव्हा गाडी प्रत्यक्षात 16 च्या आसपास देत असते. टायरचं नवं माप संगणकात भरून घ्या, किंवा ट्रिप मीटरच्या मैलांना 1.06 नं गुणा, आणि मगच गाडीत काय बिघडलंय ते शोधायला लागा.