संरक्षण-श्वान चाचणी : निकष आणि निष्पक्षता

पोलीस, लष्कर, पहारा अशा कामांना लागणारे धैर्य, हाताळणाऱ्या माणसाच्या आज्ञेत राहण्याची तयारी आणि दबावाखाली न ढळणारा स्वभाव कुत्र्यात आहे का, हे ठरावीक कसरतींतून पाहणारी परीक्षा म्हणजे संरक्षण-श्वान चाचणी. तिचे सर्वांत प्रसिद्ध रूप जर्मनीत घडले. शुट्सहुंड हे तिचे जुने नाव श्वानप्रेमींच्या तोंडी अजून आहे. फेडरेशन सायनोलॉजिक इंटरनॅशनल (एफसीआय) या जागतिक संस्थेच्या नियमावलीत ती आधी आयपीओ आणि २०१९ पासून आयजीपी या नावाने येते. शुद्ध स्वभावचाचण्या हा तिचा वेगळा, पण जवळचा नातलग. त्यांत चावणे, पकडणे नसते. अनोळखी माणूस, आवाज, अचानक समोर आलेली वस्तू यांना कुत्रा कसा सामोरा जातो एवढेच पाहतात. या दोन्ही प्रकारांत वाद होतो तो बहुधा गुणांवरून नसतो. सगळ्या कुत्र्यांना खरोखर एकाच मापाने मोजले का आणि मोजले ते नेमके काय, यावर तो होतो.

माक्स फॉन स्टेफानिट्झ या घोडदळातील माजी अधिकाऱ्याने १८९९ मध्ये जर्मन शेफर्ड जातीची संघटना (एसव्ही) स्थापन केली. कुत्र्याची किंमत त्याच्या कामावरून ठरावी, दिसण्यावरून नव्हे, हा त्याचा आग्रह होता. मेंढपाळी आटत चालली होती, तेव्हा या कुत्र्याला पोलिसांचे आणि पहाऱ्याचे काम मिळावे म्हणून त्याने खटपट केली. त्याच ओघात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चाचण्या सुरू झाल्या. पुढे एसव्हीच्या नियमांत पैदाशीसाठी आई-बाप दोघांकडेही कामाची पदवी असणे सक्तीचे झाले. निष्पक्षतेचा प्रश्न खरा येथून सुरू होतो. जी पदवी मिळाल्याशिवाय पिल्लांची नोंदणी अडते, ती देणारी परीक्षा नुसता खेळ राहत नाही. तिच्या निकालात पैसा गुंतलेला असतो.

आयजीपीचे तीन भाग आहेत : माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण. प्रत्येक भाग १०० गुणांचा असून उत्तीर्ण होण्यास तिन्हींत किमान ७० गुण लागतात. माग काढण्यात ९८ गुण मिळाले म्हणून संरक्षणातले ६५ खपून जात नाहीत. २८६ ते ३०० गुणांना ‘उत्कृष्ट’ हा शेरा मिळतो. पहिल्या पायरीला कुत्रा किमान १८ महिन्यांचा असावा लागतो. त्याआधी त्याला रहदारीत, गर्दीत, सायकलवाल्यांच्या मध्ये शांत राहण्याची वेगळी परीक्षा द्यावी लागते. शिवाय चाचणीच्या दिवशी सुरुवातीलाच प्रत्येक कुत्र्याची बुजरेपणा व विनाकारण आक्रमकता यांसाठी पाहणी होते आणि ती नजर दिवसभर त्याच्यावर राहते. मैदानात सुंदर काम करून बाहेर येताना वाटेतल्या माणसावर धावून जाणारा कुत्रा बाद होऊ शकतो. माझ्या मते सबंध नियमावलीतले हे सर्वांत शहाणे कलम आहे.

निष्पक्षतेसाठीचे बरेच नियम साध्या अनुभवातून आलेले दिसतात. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. माजावर आलेल्या कुत्रीला भाग घेता येतो, पण ती सर्वांच्या शेवटी मैदानात उतरते, म्हणजे तिच्या वासाने इतरांचे गुण जात नाहीत. परीक्षकाला स्वतःच्या किंवा आपल्या घरातल्या माणसाच्या कुत्र्याचे परीक्षण करता येत नाही. दिवसाला किती भाग तपासायचे यालाही मर्यादा आहे. आयपीओच्या काळात ती ३६ भागांची होती, म्हणजे पूर्ण परीक्षा देणारे बाराच कुत्रे. गळ्यात सैल, लांब कड्यांची साधी साखळी चालते. काट्यांचा पट्टा चालत नाही. निकाल कागदावर गुपचूप लिहून देण्याची पद्धत नाही. परीक्षक ध्वनिक्षेपकावरून, सर्वांसमोर, कुठे किती गेले आणि का, ते सांगतो. त्याच्या निवाड्यावर अपील मात्र नाही, आणि चीड येते ती इथेच.

माग काढण्यात समानता आणणे तर जवळपास अशक्य. तिसऱ्या पायरीला अनोळखी माणसाने साठ मिनिटांपूर्वी चालून ठेवलेला सुमारे ६०० पावलांचा माग असतो, त्यात वळणे आणि टाकून ठेवलेल्या तीन लहान वस्तू. सकाळी दव असताना ज्याची चिठ्ठी निघाली आणि ऊन चढल्यावर ज्याची निघाली, त्या दोघांना जमीन सारखी मिळत नाही. चिठ्ठी पक्षपात टाळते, नशीब टाळू शकत नाही. नियमावलीनेही ते गृहीत धरलेले आहे.

संरक्षणाच्या भागात सगळा भार एका माणसावर येतो : हेल्पर. जाड तागाची बाही चढवून संशयिताचे सोंग घेणारा हा माणूस औपचारिकरीत्या परीक्षकाचा साहाय्यक असतो, पण मैदानात तोच फूटपट्टी असतो. तिसऱ्या पायरीला कुत्रा सहा आडोशांभोवती डावी-उजवीकडे धावत शोध घेतो आणि शेवटच्या आडोशात हेल्पर सापडताच न चावता, समोर खिळून भुंकत राहतो. पुढे हेल्परचा पळून जाण्याचा प्रयत्न रोखणे, त्याचा हल्ला परतवणे, त्याला पाठीमागून सोबत नेणे आणि शेवटी लांबून अंगावर धावत येणाऱ्या हेल्परला थेट भिडणे असा क्रम असतो. हल्ल्यांत गादीदार काठी उगारून कुत्र्यावर दबाव आणतात. प्रत्येक पकडीनंतर ‘आउट’ म्हणताच जबडा सुटला पाहिजे. पहिली आज्ञा आणि वर दोन जादा आज्ञा एवढीच सवलत. तरीही सोडले नाही तर कुत्रा बाद.

आता शेवटचा हल्ला जवळून पाहू. कुत्रा पूर्ण वेगात येतो, हेल्परही ओरडत त्याच्या दिशेने धावतो. अखेरच्या क्षणी हेल्परने बाही किंचित पुढे देऊन अंग वळवले, तर तो वेग गोल फिरून जिरतो आणि कुत्रा सुखरूप जमिनीवर येतो. तो ताठ उभा राहिला तर तीच धडक कुत्र्याच्या मानेवर आणि मणक्यावर बसते. बाही चार बोटे वर-खाली झाली की पूर्ण तोंडाची पकड अर्धी होते आणि गुण जातात. कुत्र्याने काहीच चूक केलेली नसते. उलटही होते. घरच्या मैदानावर रोजच्या सरावातला हेल्पर ओळखीच्या कुत्र्याला बाही अशी हातात आणून देतो की भित्र्या कुत्र्यालाही शूर ठरवता येते. म्हणून मोठ्या स्पर्धांत हेल्पर आधी निवडतात, एका पायरीच्या सर्व कुत्र्यांना तेच हेल्पर देतात, आणि सुरुवातीला स्पर्धेबाहेरचा एक कुत्रा सोडून परीक्षक व स्पर्धक दोघांनाही हेल्परची पद्धत दाखवतात. दोन हेल्पर असतील तर पूर्वार्ध एकाचा आणि उत्तरार्ध दुसऱ्याचा, म्हणजे प्रत्येक कुत्र्याला दोघेही भेटतात. तरी अडचण उरतेच. सकाळचा पहिला कुत्रा ताज्या हेल्परला भेटतो, बारावा थकलेल्या. जर्मन शेफर्डच्या प्रमाणकात कुत्री २२ ते ३२ आणि नर ३० ते ४० किलोचा सांगितला आहे. चाळीस किलोच्या नराला मागे रेटण्याएवढाच जोर चोवीस किलोच्या कुत्रीवर लावणे ही समानता म्हणायची का, यावर जुने हेल्परही एकमत होत नाहीत. चांगला हेल्पर समोरच्या कुत्र्याला पेलेल पण सोपा जाणार नाही एवढा दबाव देतो. ते कसब नियमात शब्दशः बसवता येत नाही.

गुणांखेरीज कुत्र्याची अंतःप्रेरणा, आत्मविश्वास आणि ताण सोसण्याची ताकद यांवर एक वेगळा शेरा देण्याची रीत आहे : ठळक, उपलब्ध किंवा अपुरी. पैदास करणाऱ्यांना खरा रस या शेऱ्यातच असतो. आणि नेमका हाच शेरा सर्वांत व्यक्तिनिष्ठ. कसरतीतली चूक मोजता येते, हिंमत नजरेने ठरते. ती नजर तयार व्हायला परीक्षकाने पुष्कळ कुत्रे पाहिलेले असावे लागतात, आणि तीन अनुभवी परीक्षकही एकाच कुत्र्याबद्दल तीन गोष्टी सांगू शकतात.

याहून खोल आक्षेप असा की नियम जितके काटेकोर, तितकी परीक्षा पाठ होते. सहावा आडोसा, बाही, काठी, हल्ल्याचा क्रम हे सारे कुत्र्याला ठाऊक असते. हुशार प्रशिक्षक बाहीला खेळणे करून टाकतो. कुत्रा माणसाशी लढत नसतो, तागाचा गोळा मिळवत असतो. हेल्परने बाही टाकून दिली की काही कुत्रे ती तोंडात धरून ऐटीत फिरतात, माणसाकडे बघतही नाहीत. हा खेळ म्हणून ठीक आहे, पण यावरून रात्री गल्लीत काय घडेल ते कळत नाही. फ्रेंच रिंग आणि माँदियोरिंग या प्रकारांनी वेगळी वाट धरली. तेथे हेल्पर अंगभर पोशाख घालतो आणि कुत्र्याला चकवून त्याचे गुण कमी करणे हेच त्याचे काम असते. माँदियोरिंगमध्ये तर मैदानातली मांडणी आणि अडथळे स्पर्धेगणिक बदलतात. यात पाठांतर कमी चालते, पण दोन स्पर्धांचे गुण शेजारी ठेवून तुलना करणे अवघड होते. सारखेपणा आणि नवेपणा एकाच वेळी पुरेपूर साधत नाही. प्रत्येक नियमावलीने कुठे तरी तडजोड केलेली आहे.

स्वभावचाचण्यांत या तडजोडीचा सर्वांत विचारपूर्वक प्रयत्न स्वीडनमध्ये झाला. तेथील ‘मेंटलबेस्क्रिव्हनिंग’ या चाचणीत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण नसते, फक्त वर्णन असते. कुत्र्यापुढे कपडे घातलेले बाहुले झटकन उभे राहते, पन्हाळी पत्र्यावरून साखळी खडखडत ओढली जाते, पांढऱ्या चादरी पांघरलेली दोन ‘भुते’ संथ पावलांनी जवळ येतात. प्रत्येक वेळी कुत्रा किती दचकला, किती वेळात सावरला आणि स्वतःहून जवळ जाऊन हुंगू लागला का, हे १ ते ५ च्या मोजपट्टीवर नोंदवतात. केंट स्वार्टबर्ग आणि ब्यॉर्न फोर्कमन यांनी २००२ मध्ये १६४ जातींच्या १५,३२९ कुत्र्यांच्या अशा नोंदी तपासून खेळकरपणा, निर्भय कुतूहल, पाठलागाची ओढ, मिळून-मिसळून राहणे आणि आक्रमकता असे पाच गुणधर्म वेगळे काढले. स्वार्टबर्ग यांच्या पुढच्या अभ्यासात काही कुत्र्यांची हीच चाचणी सुमारे महिन्याच्या अंतराने पुन्हा घेतली. कुत्र्यांचा आपापसातला क्रम बराचसा कायम राहिला, पण दुसऱ्या वेळी निर्भयतेचे गुण वाढले आणि आक्रमकतेचे कमी झाले. भूत एकदाच भूत असते. सराव करून दिलेल्या स्वभावचाचणीचा निकाल म्हणूनच जरा सावधपणे वाचावा.

अमेरिकेत १९७७ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन टेंपरामेंट टेस्ट सोसायटीची दहा टप्प्यांची चाचणी उत्तीर्ण-अनुत्तीर्ण स्वरूपाची आहे. तिचे जातवार उत्तीर्णांचे टक्के ‘अमुक जात तमुक जातीपेक्षा सुरक्षित’ असे सांगायला सर्रास वापरले जातात. ते चूक आहे. एक तर कुत्रे आणणारे मालक स्वेच्छेने येतात, सबंध जातीतून नमुना निवडलेला नसतो. दुसरे, मूल्यमापन करताना कुत्र्याची जात, वय आणि प्रशिक्षण लक्षात घेतले जाते. राखणीच्या जातीकडून जी सावधगिरी चालते ती शिकारी कुत्र्यात वेगळी वाचली जाते. आकडे खरे असूनही त्यांची तुलना खरी नसते.

जर्मनीत हा मुद्दा थेट कायद्यात शिरला. २००० साली हॅम्बुर्गमध्ये कुत्र्यांच्या हल्ल्यात एक लहान मुलगा दगावला आणि राज्याराज्यांत जातींच्या याद्या व स्वभावचाचण्या आल्या. लोअर सॅक्सनीमध्ये यादीतल्या कुत्र्यांना दिलेली चाचणी हॅनोव्हरच्या पशुवैद्यक विद्यापीठाच्या संशोधकांनी ७० गोल्डन रिट्रीव्हरनाही दिली. आक्रमकतेत लक्षणीय फरक आढळला नाही. संशयितांची परीक्षा घ्यायची आणि बाकीच्यांना कोणी विचारायचेच नाही, या पद्धतीत तुलनेला काही उरतच नव्हते. ते या अभ्यासाने भरून काढले. लोअर सॅक्सनीने नंतर जातींची यादी सोडली.

निष्पक्षतेची चर्चा बहुधा मालकांच्या बाजूने होते. कुत्र्याच्या बाजूनेही ती हवी. परीक्षेत साखळी साधी असली तरी तिथवर पोचण्याच्या सरावात काय वापरले, ते परीक्षकाला दिसत नाही. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांविरुद्ध जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २००६ मध्ये निर्णय दिला आणि १ जानेवारी २०२२ पासून तेथे काटेरी पट्ट्यांसारखी वेदनादायक साधने प्रशिक्षणात वापरण्यास बंदी आली. क्लबांतून त्यावर बरीच कुरकुर झाली. पण धाकाने शिकवलेली आज्ञा आणि खेळातून शिकवलेली आज्ञा गुणपत्रिकेवर सारखीच दिसत असेल, तर नियम पाळणारा स्पर्धक आपोआप मागे पडतो. म्हणजे ही बंदी स्पर्धेच्या न्यायाचाही भाग ठरते.

भारतात सेवेतल्या श्वानांची पारख क्रीडाचाचणीच्या गुणांवर चालत नाही; पोलीस व सशस्त्र दलांची प्रशिक्षण केंद्रे कामाप्रमाणे निवड करतात आणि अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात श्वानपथकांच्या माग काढणे, स्फोटके शोधणे अशा स्वतंत्र स्पर्धा होतात. १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांनंतर स्फोटकांचे साठे हुडकून देणारा मुंबई पोलिसांचा जंजीर हा लॅब्राडोर होता, पुण्यात शिकलेला. त्याला बाहीवर झेप घ्यायला लावून गुण दिले असते, तर त्याच्या कामाबद्दल त्या आकड्यावरून काहीच कळले नसते.