रिम सोळाची, घाट आंबोलीचा

२०१७ साली आलेल्या डिझायरच्या खालच्या मॉडेलला १४ इंची लोखंडी रिम होती, वरच्या मॉडेलला १५ इंची अलॉय. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर वरची जास्त रुबाबदार दिसते, आणि सगळ्यांना वाटतं की तिचं चाक मोठं आहे. हिशेब करून बघा. १४ इंचीचा टायर १६५/८० आर १४, म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर आणि कड, म्हणजे रिमच्या काठापासून रस्त्यापर्यंतची रबराची उंची, त्याच्या ८० टक्के, १३२ मिलिमीटर. कड वर एकदा आणि खाली एकदा धरायची, त्यात रिमचे ३५५.६ मिलिमीटर मिळवायचे, की टायरचा पूर्ण व्यास ६१९.६ मिलिमीटर येतो. १५ इंचीचा टायर १८५/६५ आर १५, त्याचा व्यास ६२१.५. फरक दोन मिलिमीटरचाही नाही. कारखान्याने रिम एक इंच वाढवली आणि टायरची कड तेवढीच उतरवली. अलॉय घ्यायला दुकानात शिरण्याआधी एवढं जरी पाठ असलं तरी निम्म्या चुका टळतात.

हा पूर्ण व्यास गाडीच्या सगळ्या गणितात बसवलेला असतो. गिअरचं प्रमाण, स्पीडोमीटर, एबीएस ब्रेकचा संगणक, चाक आणि मडगार्डमधली जागा, सगळं त्याच आकड्यावर बेतलेलं. १८५/६५ आर १५ च्या जागी कुणी ‘भरलेली दिसते’ म्हणून २०५/५५ आर १७ चढवला, तर व्यास ६५७ मिलिमीटर होतो, जवळजवळ सहा टक्के जास्त. मग काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी पूर्वीपेक्षा साडेचार-पाच किलोमीटर अधिक वेगाने पळत असते. चाकाशी पोचणारा जोरही त्याच प्रमाणात घटतो. सपाटीवर ते जाणवत नाही, पण दाणोलीतून आंबोली चढायला लागलात की तिसऱ्या गिअरमध्ये सहज निघणारी वळणं दुसरा मागू लागतात. पूर्ण व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा असा सर्वसाधारण दंडक आहे. माझं मत विचाराल तर एक टक्क्याच्या आतली मापं सहज मिळत असताना तीनपर्यंत जायचंच कशाला?

आणि मिळतातही. १९५/५५ आर १६ चा व्यास ६२०.९ मिलिमीटर, म्हणजे फरक नगण्य. हेच माप बलेनोला कारखान्यातून येतं, त्यामुळे रत्नागिरीत काय नि कुडाळात काय, टायर शोधत हिंडावं लागत नाही. १७ इंच हवेच असतील तर २०५/४५ आर १७ आहे, व्यास ६१६. कागदावर दोन्ही पास. पण कोकणात हा कागद रस्त्याला जोडून वाचावा लागतो.

फरक कडेचा आहे. १५ इंचीला १२० मिलिमीटर कड आहे, १६ ला १०७, १७ ला ९२. वळणावर गाडीचा भार बाहेरच्या बाजूला रेटतो तेव्हा ही कड थोडी वाकते, मग रबर रस्त्याला धरतं आणि गाडी वळते. कड जितकी आखूड तितकं हे वाकणं कमी, म्हणून स्टिअरिंग हलवलं की नाक लगेच फिरतं. मोठ्या रिमचा जो खरा आनंद आहे तो हाच, आणि तो खोटा नाही. गुळगुळीत रस्त्यावर अशी गाडी परशुराम घाटातल्या वळणात नेमकी बसते.

पावसाळ्यानंतरच्या रस्त्यावर मात्र तीच ताठ कड उलटते, आणि ते केवळ कंबरेला धक्के बसतात म्हणून नव्हे. टायरची पकड भाराच्या प्रमाणात वाढते, पण पूर्ण प्रमाणात नाही. समजा ३०० किलो भार असताना चाक ३०० किलोच्या ताकदीने रस्ता धरतं. भार ४५० झाला तर पकड ४५० होत नाही, ४२० च्या आसपास अडकते. भार १५० वर उतरला की पकड १६० होते. आता खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावर चाकावरचा भार सेकंदाला कितीतरी वेळा १५० आणि ४५० च्या मध्ये हेलकावे खातो असं धरा. सरासरी भार तोच ३००, पण सरासरी पकड २९०. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, तत्त्व मात्र पक्कं आहे: हेलकावा जेवढा मोठा तेवढी पकड कमी. उंच कड हा हेलकावा पोटात घेते, आखूड कड तो वाढवते. म्हणून खडबडीत वळणावर १७ इंची रिमची गाडी बाहेर सरकते आणि शेजारून १५ इंचीवाला निवांत जातो, यात चमत्कार काही नाही.

वजनाची गोष्ट याच्याशीच जोडलेली आहे. रिम, टायर, ब्रेकची डिस्क हे सगळं स्प्रिंगच्या खाली असतं. गाडीचं अंग स्प्रिंगवर सेकंदाला एक-दीड वेळा डोलतं, तर चाक सेकंदाला दहा ते पंधरा वेळा थरथरू शकतं. त्या थरथरीला आवरायचं काम शॉकअब्जॉर्बरचं. चाक जड झालं की शॉकअब्जॉर्बर तेवढाच राहतो आणि चाक खड्ड्यातून उसळल्यावर रस्त्यावर परत टेकायला वेळ लावतं. टेकलं नाही तोवर स्टिअरिंगही नाही आणि ब्रेकही नाही. शिवाय फिरणारं वजन वेग घेताना जास्त मोजावं लागतं. ‘चाकावरचा एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो’ असं छातीठोक सांगणारे भेटतात. ते चूक आहे. टायरच्या अगदी बाहेरच्या घेरावर वाढलेला एक किलो वेग घेताना दोन किलोएवढा भरतो, त्याहून जास्त नाही, आणि रिमच्या काठावरचा साधारण दीड किलोएवढा. तेवढंही पुरे आहे. स्वस्त ओतीव १७ इंची अलॉय नेहमीच्या १५ इंचीपेक्षा प्रत्येकी दोन-तीन किलोने जड असणं अगदी सामान्य आहे. दुकानदाराला वजन विचारा. सांगता आलं नाही तर रिम काट्यावर ठेवायला लावा, लाजायचं कारण नाही. अलॉय म्हणजे हलकी असं समीकरण नाही. हलकी हवी तर फ्लो-फॉर्म्ड, म्हणजे ओतल्यावर काठ दाबून पातळ केलेली बघावी, ती महाग पडते. रिमवर जेडब्ल्यूएल (जपानी दर्जाची) किंवा आयएसआय खूण आहे का, तेही बघून घ्या. खूण नसेल तर दर कितीही गोड असला तरी ती ठेवून द्यावी.

आता पाऊस. ‘टायर रुंद झालो काय गाडी बरी धरता’, हे कुडाळ-सावंतवाडीकडच्या कुठल्याही टायरच्या दुकानात ऐकायला मिळतं. कोरड्या रस्त्यावर त्यात तथ्य आहे, पण कारण लोक समजतात ते नाही. रुंद टायरचा रस्त्यावर टेकणारा ठसा फारसा मोठा नसतो. पुढच्या चाकावर ३०० किलो भार आणि ३२ पीएसआय हवा असेल तर ठसा जेमतेम १३५ चौरस सेंटिमीटर भरतो, साधारण तळहाताएवढा. टायर रुंद केला आणि हवा तीच ठेवली तर क्षेत्रफळ जवळजवळ तेच राहतं. बदलतो तो आकार. ठसा आडवा रुंद आणि उभा आखूड होतो. वळणात हा आकार बरा. पाण्यात मात्र आखूड ठशाला समोरचं जास्त पाणी कमी वेळात बाजूला सारावं लागतं. ते जमलं नाही की पाणी रबराखाली शिरतं आणि गाडी मचव्यासारखी तरंगते.

अमेरिकेच्या नासामध्ये वॉल्टर हॉर्न आणि सहकाऱ्यांनी विमानाच्या चाकांवर यासाठी प्रयोग केले आणि १९६३ साली एक सोपं सूत्र दिलं. त्याचा मोटारीच्या भाषेतला अर्थ असा: टायरमधल्या हवेच्या पीएसआयचं वर्गमूळ काढा, १६.६५ ने गुणा, की चाक तरंगायला लागण्याचा ताशी किलोमीटर वेग मिळतो. ३२ पीएसआयला ९४. हवा २५ वर उतरली असेल तर ८३. हे सूत्र नक्षी झिजलेल्या टायरसाठी, किंवा नक्षीपेक्षा पाणी खोल असेल तेव्हासाठी आहे. आणि त्यात ठशाच्या आकाराचा विचार नाही. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की रुंद, आखूड ठसा याहूनही कमी वेगाला तरंगतो. कोकण किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि चौपदरी काँक्रीटवर उताराच्या तळाशी पाणी साचलेलं असतं. तिथे १८५ वरून १९५ वर जाणं मी समजू शकतो. २१५ वर जाणारा माणूस मे महिन्यापुरती गाडी सजवतोय. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण इथल्या पावसात तीन मिलिमीटरला टायर बदललेला बरा.

ऑफसेट हा सगळ्यात दुर्लक्षित आकडा. रिमच्या मध्यरेषेपासून ती हबला टेकते त्या पृष्ठापर्यंतचं अंतर म्हणजे ऑफसेट. रिमच्या आतल्या बाजूला ‘ईटी’पुढे मिलिमीटरमध्ये कोरलेलं असतं. समजा मूळ रिम साडेपाच इंच रुंद आणि ईटी ४५ आहे. तुम्ही घेतली सात इंच रुंद, ईटी ३८. हिशेब केला तर चाकाचा बाहेरचा काठ २६ मिलिमीटर बाहेर येतो आणि आतला १२ मिलिमीटर शॉकअब्जॉर्बरकडे सरकतो. मडगार्डच्या बाहेर डोकावणारं चाक फोटोत दिसतं छान. पण स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे भेटतो ती जागा आणि टायरच्या ठशाचा मध्य यांतलं अंतर बदललेलं असतं. मग एक चाक डांबरावर आणि दुसरं साइडपट्टीच्या लाल मातीत असताना ब्रेक मारला की स्टिअरिंग हातातून ओढलं जातं, आणि घाटात समोरून एसटी येताना साइडपट्टीवर उतरावं लागणारच. बेअरिंगवरचा ताण वाढतो तो वेगळाच. सहा इंच रुंदीची, मूळ ऑफसेटच्या चार-पाच मिलिमीटरच्या आतली रिम १९५ टायरला पुरते.

गणपतीला मुंबईहून पाच माणसं, मागे डिकीत मखर, सामान आणि परतीला नारळ, अशी गाडी भरते तेव्हा टायरवरचा भारांक कामाला येतो. १८५/६५ आर १५ वर सहसा ८८ असतं, म्हणजे एका चाकाला ५६० किलो. १९५/५५ आर १६ वर ८७, ५४५ किलो. साध्या २०५/४५ आर १७ वर ८४, म्हणजे ५०० किलोच. भार रबर उचलत नाही, आतली हवा उचलते, आणि आखूड कडेत हवाच कमी मावते. १७ इंचीत ८८ भारांकाचा ‘एक्सएल’ टायर मिळतो, पण त्याला तो भार पेलायला हवा जास्त भरावी लागते. हवा जास्त म्हणजे चाक आणखी ताठ.

बोल्टांचं वर्तुळ डिझायरला ४×१०० आहे, म्हणजे चार बोल्ट १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. फियाटच्या काही जुन्या गाड्यांचं ४×९८. फरक डोळ्यांना कळत नाही, नट आवळलेही जातात, पण रिम तिरकी बसते आणि नट सैल होत राहतात. मधलं भोक ५४.१ मिलिमीटरचं हवं. बाजारातल्या रिमला ते बहुधा मोठं असतं, तेव्हा मापाची रिंग घालून घ्या, नाहीतर ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरेल आणि तुम्ही उगीच बॅलन्सिंग करत बसाल. बलेनोच्या मूळ १६ इंची अलॉय मिळाल्या तर वर्तुळ आणि भोक दोन्ही जुळतं, ऑफसेट तेवढा तपासायचा.

खाऱ्या हवेचंही बघा. चकचकीत कापलेल्या काठाच्या रिमवरचा पारदर्शक लेप एकदा खरचटला की किनाऱ्यावर त्याखाली पांढऱ्या रेषा पसरतात, आणि तीच गंज टायर बसतो त्या काठावर आली की हवा हळूहळू जाते. मासळीच्या ट्रकमधून सांडणारं पाणी त्यात भर घालतं. पूर्ण रंगवलेली रिम इथे जास्त टिकते. हबवर रिम चिकटू नये म्हणून बसवताना पृष्ठ घासून साफ करून घ्यावं.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कारखान्याच्या मूळ तपशिलाबाहेरचे बदल मान्य करत नाही, म्हणून विमा कंपनीला लेखी विचारूनच पैसे मोजावेत. लोखंडी रिमची स्टेपनी ठेवणार असाल तर तिचे नट वेगळे डिकीत ठेवा. अलॉयचे नट तिला बसतीलच असं नाही. नवीन रिमचे नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळून घ्या आणि शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा एकदा तपासा.