अ नॅचरल वुमन

‘यू मेक मी फील लाइक अ नॅचरल वुमन’ हे अमेरिकेतील सोल संगीतातले प्रेमगीत ‘अ नॅचरल वुमन’ या आटोपशीर नावानेच जास्त ओळखले जाते. शब्द जेरी गॉफिन यांचे, चाल कॅरोल किंग यांची. अरीथा फ्रँकलिन यांनी गायलेली पहिली तबकडी सप्टेंबर १९६७ मध्ये अटलांटिक कंपनीने काढली. ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत ती आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचली. पुढे १९७१ साली स्वतः किंग यांनी हे गीत गायले, आणि त्यानंतर पिढ्यान् पिढ्यांच्या गायिका ते गात आल्या आहेत.

कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गॉस्पेल म्हणजे भक्तिगायन आणि ‘रिदम अँड ब्लूज’ हे त्यांचे ठेकेदार लौकिक संगीत यांच्या मिलाफातून १९५० आणि १९६०च्या दशकांत सोल संगीत उभे राहिले. देवाला उद्देशून म्हणायची आर्तता इथे प्रियकराला उद्देशून येते. हे गीत तर या दोहोंच्या सीमारेषेवरच उभे आहे. पहिल्या कडव्यात पावसाळी सकाळ आहे, दिवस ढकलणारे, थकलेले मन आहे. पुढे नायिका म्हणते, माझा आत्मा हरवलेल्या वस्तूंमध्ये पडून होता, तू येऊन त्यावर हक्क सांगितलास. ‘तू’च्या जागी ईश्वर ठेवला तरी ओळ जराही अडत नाही. ज्या गायिकांचा गळा चर्चमध्ये घडला, त्यांना हे गीत इतके आपले का वाटावे, याचे उत्तर या ओळीत सापडते.

निर्मिती

गॉफिन आणि किंग हे पतिपत्नी १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमधील व्यावसायिक गीतलेखनाच्या पेढ्यांसाठी गाणी रचत. शिरेल्स या कृष्णवर्णीय तरुणींच्या गटासाठी त्यांनी १९६० साली रचलेले ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ खूप गाजले होते. ‘अ नॅचरल वुमन’ची कल्पना मात्र त्यांची नव्हती. अटलांटिकचे निर्माते जेरी वेक्सलर (‘रिदम अँड ब्लूज’ ही संज्ञा पत्रकार असताना रूढ करणारे हेच) यांच्या मनात त्या सुमारास ‘नॅचरल मॅन’ ही शब्दजोडी घोळत होती. रस्त्यात किंग दिसताच त्यांनी गाडीतूनच हाक मारली आणि अरीथासाठी ‘नॅचरल वुमन’ असे शब्द असलेले गाणे हवे, असे सांगितले. त्याच रात्री घरी बसून दोघांनी गाणे पुरे केले. या ऋणाची आठवण म्हणून त्यांनी वेक्सलर यांचे नाव गीतकारांत घातले.

म्हणजे शीर्षक एका पुरुषाचे, शब्द दुसऱ्या पुरुषाचे. या गीतावरील आक्षेपाचे मूळ इथेच आहे: स्त्रीला ‘स्वाभाविक’ वाटण्यासाठी पुरुषाचा स्पर्श का लागावा? शब्द कागदावर वाचले तर हा आक्षेप रास्त आहे. पण सोल संगीतात गाण्याचा अर्थ कागदावर ठरत नाही. तो गाणारीच्या गळ्यात ठरतो. फ्रँकलिन आणि किंग या दोघींनी या गीताचे काय केले, ते ऐकावे.

अरीथा फ्रँकलिन

किंग आणि फ्रँकलिन या दोघी १९४२ सालच्या. एकीचा जन्म फेब्रुवारीतला, दुसरीचा मार्चमधला. गाणे आले तेव्हा दोघीही पंचविशीच्या होत्या. किंग ब्रुकलिनमधील ज्यू घरात वाढल्या, तर फ्रँकलिन डेट्रॉइटमधील न्यू बेथेल बाप्टिस्ट चर्चमध्ये, वडील सी. एल. फ्रँकलिन यांची प्रवचने ऐकत आणि तिथेच गात. कोलंबिया कंपनीतील पाच-सहा वर्षांत त्यांच्या आवाजाला साजेसा मार्ग सापडला नव्हता. अटलांटिकमध्ये आल्यावर १९६७ या एकाच वर्षात ‘रिस्पेक्ट’सह त्यांची गाणी देशभर वाजू लागली. ‘अ नॅचरल वुमन’ त्याच वर्षीचे. जानेवारी १९६८ मध्ये ‘लेडी सोल’ या अल्बममध्येही ते आले.

ठेका तीन-तीन मात्रांच्या झोक्याचा आहे. आपल्या दादऱ्याची सवय असलेल्या कानाला तो लगेच ओळखीचा वाटतो. गॉस्पेलच्या संथ गाण्यांत असाच ठेका असतो. कडव्याच्या आरंभी स्वरमेळ षड्जावरून पंचमावर, तिथून कोमल निषादावर आणि मग मध्यमावर येतो. हा कोमल निषाद फार मोलाचा. सरळ मेजर सप्तकात अपेक्षित नसलेला हा स्वर येतो आणि सुखाच्या गाण्यात मागच्या दुःखाची सावली उतरते. कडवे फ्रँकलिन जवळजवळ बोलल्यासारखे, दबल्या आवाजात म्हणतात. धृपदाकडे जाताना आवाज चढत जातो, तंतुवाद्ये भरतात आणि मागे साथीला गाणाऱ्या स्त्रिया त्यांच्या शब्दांना प्रतिसाद देऊ लागतात. हा सवाल-जबाब चर्चमधला आहे: एकीने आपला अनुभव सांगायचा, बाकीच्यांनी त्याला साक्ष द्यायची. तीन मिनिटांच्या आत हे सारे घडते, आणि संपते तेव्हा त्या पुरुषाची आठवणही उरत नाही. स्वतःचे असणे उच्चरवाने सांगणारी स्त्रीच तेवढी समोर असते.

कॅरोल किंग

गॉफिन आणि किंग १९६८ साली विभक्त झाले. किंग कॅलिफोर्नियात गेल्या, आणि दुसऱ्यांसाठी रचलेली गाणी हळूहळू स्वतः गाऊ लागल्या. लू ॲडलर यांची निर्मिती असलेला ‘टॅपेस्ट्री’ हा अल्बम फेब्रुवारी १९७१ मध्ये आला. तो पंधरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होता आणि त्याला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले. त्यात अगदी शेवटी हे गाणे येते. साथीला त्यांचा स्वतःचा पियानो आणि चार्ल्स लार्की यांचा बास. तंतुवाद्ये नाहीत, कोरसचा गजर नाही. किंग यांचा आवाज थोडा खरखरीत, पल्ला मर्यादित. फ्रँकलिनशी स्पर्धा करण्याचा विचारही त्यात नाही. घटस्फोटित पतीने लिहिलेले शब्द त्या शांतपणे म्हणतात, आणि फ्रँकलिनच्या आवाजात उद्घोष झालेले गाणे इथे एका बाईने खोलीत बसून दिलेली कबुली होते. दोन्हींपैकी श्रेष्ठ कोणते, हा वाद मला निष्फळ वाटतो. पण रचनेची हाडे पाहायची असतील तर किंग यांचे गायन आधी ऐकावे. पुढे २०१२ साली किंग यांनी आपल्या आत्मचरित्रालाही या गाण्याचेच नाव दिले.

इतर गायिका

जॅझ-पॉप गायिका पेगी ली यांनी १९६९ साली हे गाणे गायले आणि अल्बमलाच ते नाव दिले. मेरी जे. ब्लाइज यांनी १९९५ मध्ये ‘न्यूयॉर्क अंडरकव्हर’ या दूरचित्रवाणी मालिकेसाठी गाताना ते हिप-हॉपवर वाढलेल्या पिढीपर्यंत नेले. त्याच वर्षी ‘टॅपेस्ट्री’ला मानवंदना देणाऱ्या अल्बममध्ये सेलीन डिऑन यांनी ते गायले. एप्रिल १९९८ मधील ‘डिव्हाज लाइव्ह’ कार्यक्रमात फ्रँकलिन, किंग, डिऑन, मरायाह कॅरी, ग्लोरिया एस्टेफान आणि शनाया ट्वेन यांनी ते एकाच मंचावर म्हटले. रॉड स्टुअर्ट यांनी १९७४ साली ‘वुमन’च्या जागी ‘मॅन’ घालून गायले खरे, पण गाणे राहिले ते गायिकांकडेच.

डिसेंबर २०१५ मध्ये वॉशिंग्टनमधील केनेडी सेंटर या कलाकेंद्राच्या सन्मान सोहळ्यात किंग यांच्या गौरवासाठी फ्रँकलिन यांनी ते पुन्हा गायले. त्या ७३ वर्षांच्या होत्या. पियानो वाजवत त्यांनी सुरुवात केली, मग उठून मंचाच्या पुढे आल्या आणि अंगावरचा फरचा कोट खांद्यावरून खाली टाकून शेवटचे धृपद म्हटले. सज्जात बसलेल्या किंग यांना आनंद आवरेना. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी डोळे पुसले. फ्रँकलिन ऑगस्ट २०१८ मध्ये निवर्तल्या. त्यांच्या जीवनावरील ‘रिस्पेक्ट’ (२०२१) या चित्रपटात जेनिफर हडसन यांनी हे गाणे गायले आहे.